शाळा परत बंद, दुसरीच्या पोरांच्या घरच्यांना नेमकी काय मदत करू?

सातपूरची_बाई
८ जानेवारी २०२२, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या सातपूरला एका मराठी माध्यमाच्या शाळेत दुसरीला शिकवते. आजचा आदेश सगळ्यांनी बघितलाच असेल, कोरोनामुळे सोमवारपासून १५ फेब्रुवारीपर्यंत शाळा परत बंद आणि परत ते ऑनलाईन.

माझ्या वर्गात ३८ मुलं आहेत आणि ही बॅच जरा वेगळीच आहे. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा ही बालवाडीत होती, पहिली अख्खी मोबाईलवर गेली, आणि दुसरीचे सहा महिने उलटल्यावर डिसेंबरात पहिल्यांदा खऱ्या बाकावर बसली. पहिला आठवडा तर रांगेत कसं उभं राहायचं, डबा कधी उघडायचा आणि बाथरूमला जाताना विचारून जायचं हेच शिकवण्यात गेला. एकाने मला विचारलं बाई तुम्ही मोबाईलमध्ये बारक्या होत्या, मोठ्या कधी झाल्या. दुसरीने मास्क खाली करून दाखवा म्हणून हट्ट धरला होता. आत्ता कुठे काड्यांचे दहा दहाचे गठ्ठे बांधून हातच्याची बेरीज सुरू केली होती, चार-पाच मुलं तर स्वतःहून वाचायला पुढे येऊ लागली होती, आणि लगेच हे.

मागच्या वेळी मी काय केलं ते प्रामाणिकपणे सांगते. सकाळी १० ला झूम, ३८ पैकी ११-१२ मुलं यायची, त्यातली निम्मी आवाज येत नाही म्हणून निघून जायची. गृहपाठाचे फोटो ग्रुपवर. माझे पालक म्हणजे कोणी सातपूर-अंबडच्या कंपन्यांत, कोणी रिक्षा चालवतो, दोघींची धुण्याभांड्याची कामं, एकीची भाजीची गाडी. फोन बापाच्या खिशात, बाप कंपनीत, आणि बऱ्याच कंपन्यांत फोन गेटवरच ठेवून घेतात. सकाळी १० ला लिंक टाकून मी नक्की कोणाला शिकवत होते ते आता विचार केला की माझं मलाच हसू येतं.

मला अ‍ॅपची यादी नकोय. दीक्षा माहितेय, पुस्तकातले क्यूआर कोड माहितेत, ई-बालभारतीवर पीडीएफ आहेत ते माहितेय, सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली हा अभ्यासाचा कार्यक्रम लागायचा तेव्हा मीच सगळ्यांना वेळापत्रक पाठवायचे. माझा प्रश्न घरच्या माणसांचा आहे. आठ तास उभं राहून आलेल्या आईला किंवा बापाला मी काय सांगू, किती सांगू, कसं सांगू की ते त्यांना ओझं वाटणार नाही आणि पोराचं पण अगदीच शून्य होणार नाही? आणि हेडसर म्हणतायत रोज दोन तास लाईव्ह झालंच पाहिजे, वर रिपोर्ट पाठवायचाय. त्यांना काय सांगू ते पण सुचवा.

---

अंबडची_आई
९ जानेवारी, सकाळी ७:१०

बाई मी शिक्षिका नाही, पॅकिंगला आहे एका कंपनीत, दोन पोरं, एक चौथीला एक पहिलीला, घरात फोन एक. तुम्ही विचारलं म्हणून लिहिते नाहीतर मी नुसती वाचते इथे.

मागच्या वर्षी आमच्या पोराच्या शाळेच्या ग्रुपवर रोज संध्याकाळी यादी यायची, यांचा गृहपाठ आला नाही म्हणून. दहा-बारा नावं. त्यात माझ्या पोराचं नाव रोज. बाकीचे पालक बघणार, त्यातल्या दोघी माझ्याच लाईनवर कामाला. मी पाच वाजता सुटते, घरी यायला सहा, स्वयंपाक, पाणी आलेलं असलं तर पाणी, मग आठ वाजता पोराला घेऊन बसायचं म्हटलं की तो पेंगतोय, मग मी ओरडणार, मग तो रडणार, एकदा तर मी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि नंतर स्वतःच मोरीत जाऊन रडले. शेवटी मी एक दिवस ग्रुपच सोडला. शाळेला वाटलं आम्हाला पडलेली नाहीये.

म्हणून माझं एकच सांगणं, नावं ग्रुपवर टाकू नका. ज्याचं आलं नाही त्याला वेगळा फोन करा, आणि गृहपाठ कुठाय असं आधी विचारू नका, कसं चाललंय ते विचारा. मला अख्ख्या वर्षात एकदाच फोन आला होता शाळेतून आणि तो पण फीचा होता.

आणि अजून एक. कॅमेरा चालू करा म्हणून मागे लागू नका हो. आमची एकच खोली आहे. मागे सासूबाई आजारी झोपलेल्या असायच्या, दोरीवर कपडे. पोरगा कॅमेऱ्यावर बोट ठेवून बसायचा, बाईंना वाटायचं खोड्या करतो.

---

इंदिरानगर_बाबा
९ जानेवारी, सकाळी ९:३२

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. आम्ही दोघंही वर्क फ्रॉम होम, मुलगी तिसरीला इंग्लिश मीडियमला. आम्हाला दोन तास पण कमी पडतात. सकाळी ९ ते १ शाळेने तिला स्क्रीनसमोर बसवलं तर आमचे कॉल तरी होतात, नाहीतर ती दर पाच मिनिटांनी येऊन बाबा बोअर होतंय. तुम्ही कमी करा कमी करा म्हणता पण कमी केलेला वेळ कोण सांभाळणार, आम्हीच ना? आणि फी पूर्ण. १५ टक्के सवलतीचा ऑगस्टमधला जीआर आमच्याकडे अजून हवेतच आहे, असो, तो वेगळा धागा होईल.

---

ना_भो_अंबड
९ जानेवारी, दुपारी १२:०५

इंदिरानगरवाले भाऊ तुमचं बरोबर असेल तुमच्या जागी पण बाईंच्या वर्गातल्या पोरांकडे लॅपटॉप नाही ना भो. मी पण जळगावकडचा, अंबडला नोकरीला, मेंटेनन्सला आहे, तीन शिफ्ट फिरत्या. पोरगी दुसरीलाच आहे म्हणून लिहू राहिलो.

डेटाचं गणित सांगतो कारण मास्तर लोकांच्या हे लक्षात येत नाही. डिसेंबरात रिचार्ज वाढले, २८ दिवसांचा दीड जीबी रोजचा जिओचा पॅक १९९ चा २३९ झाला. आता झूमवर व्हिडिओ चालू ठेवून तासभर बसलं की पाऊण-एक जीबी सहज जातो. दोन पोरं असली, दोघांचे क्लास, की दुपारपर्यंत नेट संपलं, मग बापाला संध्याकाळी गावाकडे व्हिडिओ कॉल पण नाही. आणि फुकटच्या झूमला ४० मिनिटांनी कट होतं, परत जॉईन व्हायचं, परत तो पासवर्ड, त्यात आमची आई घरी असते तिला ते जमत नाही.

त्यापेक्षा व्हॉइस मेसेज करा बाई. तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज एक एमबीचा पण नसतो. पोरगी तो चार चार वेळा ऐकते, बाईंचा आवाज म्हणून. मी नाईटला असलो की सकाळी येऊन तिच्यासोबत ऐकतो, सेकंडला असलो की बायको दुपारी ऐकवते. वेळेचं बंधन नाही हा सगळ्यात मोठा फायदा. लाईव्ह क्लासला हजर राहायला शिफ्ट बदलून मिळत नाही भो कोणाला.

आणि ग्रुपची सेटिंग फक्त अ‍ॅडमिन मेसेज करू शकतील अशी करून टाका. आमच्या ग्रुपवर गुड मॉर्निंग, कोणाचा काढा, कोणाची प्लॉटची जाहिरात, त्यात बाईंचा मेसेज कुठे जातो पत्ताच लागत नाही. फोनची मेमरी फुल झाली की बायको सगळं डिलीट मारते, त्यात अभ्यास पण जातो.

---

सातपूरची_बाई
९ जानेवारी, दुपारी ३:२०

अंबडची_आई, तुमचं वाचून मी थोडा वेळ काही लिहूच शकले नाही. ती यादी मी पण टाकायचे. रोज. मला वाटायचं त्याने शिस्त लागते. सॉरी म्हणायला तुमच्या पोराच्या शाळेतली बाई मी नाही, पण माझ्या वर्गातही अशी आई असणारच की. दोघींनी ग्रुप सोडला होता आणि मी स्टाफरूममध्ये त्यांच्याबद्दल काय बोलले होते ते आठवलं.

ना_भो, व्हॉइस मेसेजचं पटलं. पण मग मुलाला कळलं की नाही ते मला कसं कळणार? वर्गात मला चेहऱ्यावरून कळतं. काल-परवाच एक मुलगा २७ आणि ५ ची बेरीज २१२ लिहीत होता, म्हणजे ७ आणि ५ चे १२ केले आणि २ च्या पुढे तसेच चिकटवले. हे फोटोत दिसलं असतं, पण का केलं ते तो बोलला तेव्हाच कळलं.

इंदिरानगर_बाबा, तुमची अडचण खरी आहे पण ती सांभाळण्याची आहे, शिकण्याची नाही, असं मला वाटतं. रागावू नका.

---

इंदिरानगर_बाबा
९ जानेवारी, दुपारी ४:०१

नाही रागावलो. पण सात-आठ वर्षांच्या पोराला सांभाळणं आणि शिकवणं वेगळं कधी असतं ते मला सांगा. शाळेत पण तुम्ही दोन्ही करताच की. बंद झाल्यावर फक्त शिकवण्याचा रिपोर्ट मागतात आणि सांभाळणं आमच्यावर सोडून देतात.

---

डोंगरातला_गुरुजी
९ जानेवारी, रात्री ९:१५

पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, पहिली ते चौथी, दोन शिक्षक. इंदिरानगरच्या बाबांचा शेवटचा मुद्दा मला तर पटला, पण उपाय स्क्रीन नाही.

आमच्याकडची परिस्थिती सांगतो, शहरातल्या बाईंना त्यातलं काही उपयोगी पडेल. आत्ता जानेवारीत आमच्या पाड्यांवरचे कितीतरी आईबाप दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला गेलेत. काही पोरं सोबत गेली, काही आजीकडे राहिली. फोन एक, तो बापासोबत बागेवर, नंबर दर दोन महिन्यांनी बदलतो. रेंज हवी तर शाळेच्या मागच्या टेकाडावर जायचं. २०२० ला 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' मालिकेतला रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवर यायचा, आम्ही तो पुढे पाठवायचो आणि समजायचो की पोचला. दोन महिन्यांनी एका पाड्यावर गेलो तर ४ पोरांपैकी एकाकडेही पोचलेला नव्हता. असर म्हणजे शिक्षणाची ती देशभरची पाहणी, तिचा २०२१ चा ग्रामीण अहवाल बघा, देशात घरी स्मार्टफोन असण्याचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं ते ६७.६ टक्क्यांवर गेलं, पण घरात फोन असूनही २६.१ टक्के मुलांना तो वापरायलाच मिळत नाही. म्हणजे पटसंख्येपुढे 'स्मार्टफोन आहे' अशी टिक मारली की आपलं काम झालं असं नसतं.

म्हणून उद्यापासून शिकवायला सुरुवात करू नका. पहिले दोन दिवस फक्त फोन करा, ३८ घरं, एकेका घराला पाच-सात मिनिटं. घरात फोन कोणाचा, कधी घरी असतो, पोराजवळ दिवसभर कोण, त्या माणसाला वाचता येतं का, शेजारी वर्गातलं दुसरं पोर राहतं का. वहीत एक पान एका घराला. मी हे २०२० च्या दिवाळीनंतर केलं, खरं तर जूनमध्येच करायला हवं होतं. त्या वहीतून कळलं की माझ्या ९ पोरांजवळ दिवसभर असणारं माणूस म्हणजे त्यांचीच पाचवी-सहावीतली बहीण आहे. मग मी त्या बहिणींनाच शिकवलं, कसं विचारायचं, कसं ऐकायचं. त्या पोरी माझ्यापेक्षा बऱ्या निघाल्या.

दुसरं, चेहरा दिसत नाही म्हणता तर साध्या फोनवर कॉन्फरन्स लावा, चार-पाच पोरं एका वेळी, बटणाच्या फोनवरही येतं, नेट लागत नाही. १५ मिनिटं. प्रत्येकाने बोलायचं. कसं केलं ते सांग, एवढंच विचारायचं. तुमचं ते २१२ वालं पोर फोनवर पण बोलेल, फक्त त्याला घाई करू नका, पलीकडे शांतता असली की आपणच उत्तर सांगून मोकळे होतो.

तिसरं, कागद. शालेय पोषण आहाराचा कोरडा तांदूळ-डाळ न्यायला पालक शाळेत येतातच, पहिली ते पाचवीला रोजचे १०० ग्रॅम तांदूळ या हिशोबाने. त्याच दिवशी १५ दिवसांच्या कागदांचा गठ्ठा हातात द्यायचा आणि मागचा घ्यायचा. वेगळी चक्कर नाही, वेगळा खाडा नाही. मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढायला जुलैत ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम होता, त्याच्या कृतिपत्रिका असतीलच तुमच्याकडे, त्यातल्याच काढा, नवीन बनवत बसू नका.

आणि हेडसरांना सांगा, ऑनलाईन शिक्षणासाठीच्या केंद्राच्या २०२० च्या प्रज्ञाता सूचनांमध्ये पहिली ते आठवीला दिवसाला दोनच सत्रं आणि एक सत्र ३० ते ४५ मिनिटांचं, असं स्पष्ट आहे. रोज दोन तास त्यात बसतच नाहीत. साहेब लोकांना कागद दाखवला की ऐकतात, तोंडी सांगितलं की नाही ऐकत, हा माझा १७ वर्षांचा अनुभव.

---

पंचवटीचे_आजोबा
१० जानेवारी, पहाटे ५:४८

मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. सध्या नातवाला (इयत्ता दुसरी) घरी शिकवतो. आमच्या वेळी असे काही नव्हते, परंतु प्लेगच्या काळात शाळा बंद पडत असत असे आमचे आजोबा सांगत. असो.

सर्वांनी पालकांचा विचार केला, उत्तम, पण एक अडचण कोणीच लिहिली नाही. पालक शिकवतात एक आणि पुस्तक सांगते दुसरे. मी नातवास 'एकवीस' म्हणायला शिकविले, तो म्हणतो आजोबा 'वीस एक'. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ही पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, विधानसभेपर्यंत विषय गेला. मीही तेव्हा विरोधात पत्र लिहिले होते. आता नातवाला शिकवताना लक्षात आले की त्याला 'सत्तावन्न' ऐकून ७५ लिहावेसे वाटते, पण 'पन्नास सात' ऐकले की बरोबर ५७ लिहितो. ३६ वर्षे मुलांच्या वह्यांत ही चूक लाल शाईने खोडत आलो, तिचे कारण आता कळले, काय सांगावे.

मुद्दा असा की घरच्यांना हे कोणी समजावून सांगत नाही. ते आपल्या पद्धतीने सांगतात, मूल गोंधळते, दोघे चिडतात. बाईंनी पालकांना एक वाक्य जरी सांगितले, की दोन्ही म्हणा, 'वीस एक म्हणजे एकवीस', तरी निम्मी भांडणे मिटतील. वजाबाकीचेही तसेच. आम्ही हातचा वर लिहीत असू, हल्ली चौकटी आखतात.

---

ना_भो_अंबड
१० जानेवारी, सकाळी ८:२०

आजोबा एक नंबर. हे आमच्या घरी रोज होतं. मी म्हणतो अडुसष्ट, पोरगी म्हणते साठ आठ, आणि आमची आई अहिराणीत तिसरंच कायतरी म्हणते 😂

---

अंबडची_आई
१० जानेवारी, रात्री ९:५०

गुरुजींनी लिहिलंय की घरच्या माणसाला वाचता येतं का ते विचारा. ते फोनवर सरळ विचारू नका बाई. आमच्या शेजारणीला येत नाही, पण ती हो म्हणेल. तिला मी सांगितलं, तू शिकवू नको, पोरीला रोज स्वयंपाक करताना शेजारी बसव आणि पुस्तकातला धडा मोठ्याने वाचायला लाव, आणि मध्ये मध्ये विचार की मग पुढे काय झालं. चुकलं तर चुकू दे, तुला कुठे कळणारे. ती पोर आता भाकरी होईस्तोवर एक धडा वाचते. आईला गोष्ट कळली पाहिजे म्हणून नीट वाचते, नाहीतर आई म्हणते हे काय वाचलं, मला नाही समजलं.

माझा स्वतःचा पोरगा मात्र ऐकत नाही, ते सोडा.

---

इंदिरानगर_बाबा
११ जानेवारी, रात्री १०:३०

वरचं वाचून आज एक प्रयोग केला. मुलीला म्हटलं तुला बोअर होतंय ना, मग कुकर, डबे, मोजमाप सगळं तुझ्याकडे, एक वाटी तांदळाला किती पाणी, चार माणसांना किती, ते लिहून ठेव. दीड तास गप्प होती. भात लगदा झाला. पण मीटिंग झाली.

---

सातपूरची_बाई
१६ जानेवारी, दुपारी ४:४५

आठवडा झाला म्हणून सांगायला आले, आज रविवार, जरा निवांत आहे. बाकी आठवडाभर फोन कानाला लावून कान गरम झालाय.

३८ पैकी ३४ घरांशी बोलले. गुरुजी तुम्ही म्हणालात तशी वही केली, एका घराला एक पान. तीन नंबर बंद आहेत, एक कुटुंब गावी गेलंय, भाऊबंदकीत लग्न आहे म्हणे. पहिल्या दहा घरांनी फोन उचलल्या उचलल्या आधी गृहपाठाची माफी मागितली, मी काही विचारायच्या आतच. एका बापाने तर फीचं सांगायला सुरुवात केली. मला वेगळं काही विचारायचंय हे पटायलाच दोन मिनिटं जायची. पण एकदा बोलायला लागले की मग पाच मिनिटांचे वीस व्हायचे. एक आई म्हणाली पोरगा डिसेंबरात रोज शाळेचे बूट उशाशी घेऊन झोपायचा, आता दारात ठेवलेत, लपवले तर रडतो. आणखी एकीच्या घरी नवऱ्याचं काम सुटलंय, तिला अभ्यासाचं मी काही बोललेच नाही, पोषण आहाराचा तांदूळ कधी मिळणार ते सांगितलं.

हेडसरांना प्रज्ञाताचा कागद काढून दाखवला. आधी म्हणाले हे केंद्राचं आहे. मग दोन तासांचं एका तासावर आलं, त्यातही मी रिपोर्टमध्ये कॉन्फरन्सचे फोन धरते, त्यांनी अजून हरकत घेतलेली नाही. बघू.

वेळापत्रक असं झालंय. सकाळी साडेसहाला एक व्हॉइस मेसेज, तीन मिनिटांच्या आतला, म्हणजे फर्स्टला जाणारा बाप निघायच्या आधी पोराच्या कानाला लावून जातो, काही घरी तो फोन तेवढ्यापुरताच घरात असतो. त्यात एकच काम सांगते. दोन दिवसांत कधीही करायचं. ग्रुप फक्त अ‍ॅडमिनचा केला, यादी बंद. फोटो मला वेगळ्याने पाठवायचे आणि नाही आले तर मी फोन करते, ओरडायला नाही. संध्याकाळी सात ते आठ कॉन्फरन्स, चार-चार मुलं, एका घराची पाळी आठवड्यातून दोनदा येते. लाईव्ह झूम आठवड्यातून एकच, शनिवारी, तो पण नुसता एकमेकांना बघायला. कॅमेरा ज्याला हवा त्याने.

आणि २१२ वालं पोर! बुधवारी कॉन्फरन्सवर त्याला विचारलं २७ आणि ५ कसे मिळवलेस. गप्प. मी पण गप्प राहिले, गुरुजी तुमचं आठवून, मनात वीसपर्यंत मोजले. मग म्हणाला बाई माझ्याकडे काड्याच नाहीत, त्या शाळेत राहिल्या. मग कळलं की त्याला येतं, फक्त काड्या हव्यात. आईला म्हटलं खराट्याच्या काड्या चालतील. ती म्हणाली खराटा मोडायचा म्हणजे नवीन घ्यावा लागेल, मग तिने भोगीला आणलेल्या वालपापडीच्या शेंगांवर भागवलं. शेंगांचे दहा दहाचे ढीग केले, हातचा एक ढीग उचलून पलीकडे ठेवला, बरोबर ३२ आले. नंतर त्याच शेंगा भाजीत गेल्या.

संक्रांतीला काम दिलं होतं की घरात तिळाचे लाडू किती झाले ते मोजा आणि किती जणांना वाटले ते लिहा, उरले किती ते काढा. १९ जणांची उत्तरं आली, व्हॉइस मेसेजमध्ये. एकीने सांगितलं, बाई ४० झाले, ३१ वाटले, आणि उरले ५, कारण ४ मी खाल्ले. आता हे चूक म्हणू की बरोबर.

न जमलेलं पण सांगते. सहा घरी काहीच सुरू झालेलं नाही. झेरॉक्सचा खर्च सध्या माझ्या खिशातून चाललाय. आणि संध्याकाळी सात ते आठ माझा स्वतःचा मुलगा, सहावीला आहे, एकटा बसलेला असतो, त्याच्या शाळेच्या बाईंचा मला काल फोन आला की गृहपाठ येत नाहीये म्हणून.

---

डोंगरातला_गुरुजी
१६ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

४० वाले उत्तर बरोबर आहे, पूर्ण मार्क द्या. झेरॉक्सचं शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडा, लेखी. आणि त्या सहा घरांसाठी शेजारचं पोर शोधा, वहीत पत्ते असतील तर एकाच गल्लीतली दोन नावं निघतातच.

---

अंबडची_आई
१६ जानेवारी, रात्री १०:१५

बाई, सहावीच्या मुलाला सात ते आठ तुमच्या शेजारी बसवा, कॉन्फरन्स ऐकू द्या, बारक्यांच्या चुका ऐकल्या की मोठ्यांना लय मजा येते. माझ्या चौथीवाल्याला मी पहिलीवाल्याची शाळा घ्यायला लावलीये. पट्टी हातात घेऊन बसतो. पट्टी काढून घेतली आज.